कोमट पाण्यात दहा मिनिटं

थांबा, थांबा — ते पाकीट आत पलंगापाशी फोडू नका, ताई. इथे बाहेरच फोडा, आणि मग हात धुवा, साबणानं, कोपरापर्यंत. चार नंबरच्या पलंगावर तुमचे वडील ना? मानेच्या शिरेत नळी आहे? मग तर मुळीच नको. सिस्टर म्हणेल, काय होतंय, पोटासाठीच तर आहे. मलाही तेच म्हणाली होती, आणि खोटं नव्हतं ते — ह्यांचे जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी.

सहा नंबर आमचा. आतड्याचं ऑपरेशन, आज एकोणीस दिवस झाले. बेकरी आहे आमची — तीस वर्षं हे भट्टीपाशी आणि मी पीठ मळायला. म्हणून तर, पाकीट फोडलं, वास आला आणि मला हसूच फुटलं. खमीर! अहो, आपलं रोजचं खमीर, नाहीतर त्याचं सख्खं भावंड. सिस्टर म्हणाली, पाण्यात कालवा आणि लगेच नाकातल्या नळीतून सोडा. लगेच? आमच्याकडे लगेच कोण सोडतं? कोमट पाणी, चिमूटभर साखर, दहा मिनिटं — जागं होऊ द्यायचं त्याला. पेला ठेवला ह्यांच्या उशाशी, उघडाच. झाकला तर कळणार कसं, फुललं की नाही? तेवढ्यात मानेवरची चिकटपट्टी सुटलेली दिसली, ती दाबून बसवली — त्याच बोटांनी. सिस्टरच्या मागे आठ पेशंट, तिला कितीदा हाक मारायची?

आणि हे — बारा दिवस तोंडातून शब्द नाही — ह्यांनी डोळे उघडले. वास ओळखला हो! ओठ हलले. ‘‘फुललं?’’ म्हणाले. एवढंच. मी तिथेच तोंड दाबून रडले. मग रोज तसंच करायला लागले, कोण नाही करणार?

मग ताप. थंडी अशी भरायची की पलंग वाजायचा. डॉक्टर म्हणाले, रक्तात बुरशी सापडलीय, नेहमीची नाही, क्वचित कोणाला होते — पाव फुगवणाऱ्या खमिराच्याच जातीची. पाकिटातली पूड उडाली असणार, हाताला लागली असणार, मानेतल्या नळीवाटे आत गेली असणार. ती नळी काढली, दुसऱ्या बाजूला नवी घातली, पाकिटं बंद केली. मला विचारलं, पलंगाजवळ फोडत होतात का? मी म्हटलं, छे हो. का म्हटलं? — तुम्ही काय म्हटलं असतंत?

ताप उतरला, दोन दिवस. पण डोळे मिटलेले ते मिटलेलेच. आणि माझ्या पर्समध्ये तीन पाकिटं उरलेली. नळीतून नाही सोडलं मी, देवाशपथ — नुसता पेला नाकाशी धरला. एकदाच. म्हणजे — तिन्ही धरले. तिसऱ्यांदा ह्यांनी मान वळवली पेल्याकडे, धक्का लागला, थोडं सांडलं मानेवर, पट्टीवर. पुसलं मी लगेच. बोलले काहीच नाहीत. मी आपली वाट बघतेय, आत्ता विचारतील, आत्ता विचारतील…

परवापासून ताप परत. काल लघवी बंद झाली. सकाळी डॉक्टर कपाळाला हात लावून उभे — औषध चालू आहे, नळी नवी आहे, पाकिटं बंद आहेत, मग ही बुरशी परत आली कुठून? मी शेजारीच होते. जमिनीकडे बघत. मी दोन दिवसांपूर्वी बोलले असते तर ही नळीही वेळेवर निघाली असती, एवढं कळतं हो मला. आज पाचच्या भेटीत सांगणारच होते. खरंच सांगणार होते — असं बघू नका माझ्याकडे.

काय म्हणतेय सिस्टर दारात? सहा नंबरचे नातेवाईक? मीच. पाच कुठे वाजलेत अजून — आणि डॉक्टर का आलेत बाहेर?

ते पाकीट द्या इकडे. द्या म्हणते ना! आणि जा तुम्ही, हात धुवा. जा.