नाल्यानं लावलेला निकाल

आमच्या कॉलेजाचा निकाल एकदा नाल्यानं लावला, खोटं नाही सांगत! धाडजवळच्या एका खेड्यात आम्ही श्रमदानातून नाल्यावर दगडी बांध घातला होता. पहिल्याच पुरात तो वाहून गेला. सरांनी दुसऱ्या वर्षी आम्हाले पुन्हा तिथंच नेलं. बांध घालण्यात जिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, ती सरजाआजी हसली. "गोल गोटे काऊन रचले बे? चपटे दगड घ्या, एकात एक गुतवा!"

दहा दिवस तिनंच शिकवलं. निघताना सरांनी विचारलं, "आजी, पोरं पास?"

"मले काय इचारता? पाण्याले इचारा. पावसाळा सरला का कळवीन."

दसऱ्याले सरांनी नोटीसबोर्डावर एक पोस्टकार्ड डकवलं. आजीनं लिहून घेतलं होतं:

"बांध उभा हाय. पोट्टे पास. पुढचे पाठवा."