दत्तूची पुस्तकं

कॉलेजातल्या गमती सांगा म्हणता, पण मला आठवतो तो एकच दिवस. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. अमरावतीला होस्टेलात दत्तू माझ्या खोलीत राहायचा. अनसिंग गावच्या माळ्याचा मुलगा, कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. दुसऱ्या वर्षी विषमज्वरानं नऊ दिवसांत गेला.

महिनाभरानं आमचे तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर मला म्हणाले, "चल, त्याची पुस्तकं घरी पोचवू."

आम्ही दोघं अनसिंगला पोचलो, तेव्हा दत्तूची आई वांग्याच्या वाफ्यातून उठून आली. पदराला हात पुसून तिनं एक पुस्तक उचललं.

"मास्तर, माहा दत्तू हे काय शिकून राह्यला व्हता?"

"तत्त्वज्ञान, बाई."

"म्हंजे काय?"

सर वर्गात तासभर न थांबता बोलायचे. तिथं अडखळले. "माणसानं जगावं कसं, दुःख आलं तर सोसावं कसं, याचा विचार असतो त्यात."

ती जवळ सरकली. पुस्तक सरांच्या हातात दिलं. "मंग तेवढं मले वाचून दाखवा. दुःखाचं कुठी हाय?"

सरांनी खरंच पुस्तक उघडलं. चार पानं उलटली, मग चष्मा काढला. "बाई, मलाही सापडत नाही हो," म्हणाले आणि आम्हां दोघांदेखत हुंदके देऊन रडायला लागले.

दत्तूच्या आईनं आतून तांब्या आणला.

"राहू द्या, मास्तर. पाणी प्या," ती म्हणाली. "तुमचंबी लेकरूच व्हतं ते."