चाचांचा टीव्ही, आमचा रिमोट

रिमोट घेण्यात काय चुकायचंय, असं मलाही वाटायचं. आमच्या टीव्हीचा रिमोट बिघडला, म्हणून मी धुळ्याहून युनिव्हर्सल रिमोट आणला. दुकानदार म्हणाला, "बटण दाबून ठेवा. टीव्ही बंद झाला की समजायचं, जुळला."

घरी येऊन मी दाबत बसलो. आमचा टीव्ही ढिम्म. गल्लीपलीकडच्या खिडकीतला सलीमचाचांचा मात्र बंद झाला.

आमचे वडील, आबा, म्हणाले, "जाय, माफी मांग."

गेलो, तर चाचा उलट खूश. त्यांचा रिमोट हरवल्यापासून घरात नुसतं कुस्तीचं चॅनल चालू होतं.

आता रोज संध्याकाळी चाचा खिडकीतून हाक मारतात, "आबा, जरा बातम्या." आबा आमच्या ओट्यावर बसून लावून देतात. फक्त आवाज फार मोठा ठेवतात. चाचा कमी करायला सांगतात, तेवढं आबा ऐकत नाहीत.

काल मी वैतागून म्हटलं, "आबा, तो रिमोट चाचांनाच देऊन टाका ना. आपला टीव्ही त्याच्यावर चालतच नाही."

आबांनी समोरच्या खिडकीवरून नजर हटवली नाही.

"त्याले दिधा, मंग आपन काय देखसूत?"