वीस मिनिटं नळाखाली

काओश्युंगच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवायला आलेली युए-श्या आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला एक तरुण आणि पन्नाशीची एक बाई बसली होती.

"मावशी, तुम्ही कामावर जा. पट्टी सोडायला कितीसा वेळ लागणार?"

"कारखाना पळून जात नाही. हॉटेलांचं जळकं तेल टाक्यांत पडलंय, उद्या होईल त्याचं डिझेल."

"कॉस्टिक सोड्याचा पाइप सुटून डोळ्यात उडालं तेव्हा वाटलं, गेलाच डोळा."

"म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलास?"

"तुम्ही मानगूट धरून नळाखाली कोंबलंत! वीस मिनिटं! जीव घुसमटला माझा."

"आणि तू माझ्या हाताला चावलास. सोडायला हवं होतं का तुला?"

"डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांत सोडलं असतं तर बुबुळ पांढरं पडलं असतं."

"मग?"

"मग काय... आईनं अननसाचे केक दिलेत तुमच्यासाठी. मला काही नीट बोलता येत नाही, मावशी."

"नको बोलूस. केक दे."

एवढ्यात नर्सनं हाक मारली, "छन क्वान-थिंग!"

तो आत गेला. बाईनं केकचा डबा उघडलाच नाही, तो छातीशी धरून ती दाराकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, पट्टीविना. डावा डोळा तळहातानं झाकून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"दिसतंय का? बोल की रे मेल्या!"

"दिसतंय, मावशी. तुम्ही रडताय, तेसुद्धा दिसतंय."

युए-श्याचा नंबर पुकारला गेला होता. तिला तो दुसऱ्या हाकेला ऐकू आला.