राखेतली दोन चाकं

छोटेलाल : ...तुझ्या नवऱ्याले, गोवर्धन मिस्त्रीले, मरून तीन महिने झाले, अन् तू गाडी ठेवून घेतली? वरून इंजिनाचं तोंडही खोलून टाकलं? हे भगवान! सेठ मले खाऊन टाकन.

रुख्मा : काल तुमी बैलं जुंपून गाडी आणली, अंगणात सोडली अन् सौंदडच्या ठेसनावर साखळीचं पार्सल आणाले पळाले. मिस्त्री कुठी हाय, विचारलं का?

छोटेलाल : मले वाटलं गोवर्धन वावरात असंल.

रुख्मा : वाटलं! तो मेला तवाबी कोणी विचाराले नाही आलं. द्या ती साखळी इकडं.

छोटेलाल : तुझ्या हाती? हे भाकर नोहे रुख्माबाई, टायमिंगची साखळी आहे.

रुख्मा : मले शिकवता? खालचं चाक दोनदा फिरलं का वरचं एकदा फिरते. दोघांवर खुणा हायेत. खुणा समोरासमोर धरूनच साखळी चढवाची. जुनी ढिली होऊन एक दात सरकली, म्हणून तर तुमची मोटार खोकून खोकून मेली.

छोटेलाल : कोणं सांगितलं तुले?

रुख्मा : लढाईत फौजेच्या मोटारी सुधरवून शिकून आलता तो. जेवता जेवता चुलीच्या राखेत दोन चाकं काढे अन् मले समजावे. नऊ वर्षं मी गाडी ढकलली, त्यानं खुणा पाह्यल्या. आता खुणा मी पाहीन, तर ढकलाले कोणी नाही. टाका टॉप गेरात. मागून ढकला, हळू. गाडी सरकली का इंजिन फिरते, खुणा समोर येतात.

छोटेलाल : मी ढकलू? राइस मिलवाल्या सेठचा डायवर?

रुख्मा : मंग बैलं आणा. त्यायले लाज नाही.

(दिवस कलला आहे. इंजिन एकसुरात चालू आहे.)

छोटेलाल : मान गये! सेठले सांगीन, नागपूरच्या मिस्त्रीनं बनवली.

रुख्मा : काऊन?

छोटेलाल : बाईनं बनवली म्हटलं तर तो गाडीत पाय नाही ठेवणार.

रुख्मा : सोमवारी दीर येऊन राहिला माझा. पाने, जॅक, सारं बाजारात विकतो म्हणते. रांडमुंडीले कायले पाह्यजे, म्हणते. माझं नाव सांगाल तर दुसरी गाडी येईन, पाने राहतीन. नाही सांगाल, तर मी अन् चूल.

छोटेलाल : खरं आहे तुझं. पण माझी नौकरी...

रुख्मा : मंग बंद करा इंजिन. साखळी काढून देतो. न्या नागपूरले.

छोटेलाल : अवो! पगली आहे का तू? ...ठेवा. ठेवा तो पाना, बाई. सांगतो. रुख्माबाईनं बनवली म्हणून सांगतो.

रुख्मा : सेठच्या तोंडावर?

छोटेलाल : तोंडावर. काढलं तर काढलं. चाला, उजेड हाय तवरिक सडकेले लागतो.

रुख्मा : थांबा. चालू राहू द्या घडीभर.

छोटेलाल : काऊन? साखळी वाजून राहिली का?

रुख्मा : नाही जी. उगीच आयकून राहिली.