अर्धा संप

...आणि वर मलाच विचारतात, तू संपात होतास की नव्हतास! अहो, माझं मलाच कळलेलं नाही, तुम्हाला काय सांगू? तरी सांगतो. आमचा इस्पितळाचा धुलाई विभाग, तळघरात, रोज पाचशे चादरी, आणि माणसं किती? दोन! मी आणि माझा मेव्हणा. तिथला वाफेचा पाइप जुनाट, फुसफुसायचा, आम्ही तक्रार करायचो, तो फुसफुसायचा... आणि एक दिवस त्यानं मेव्हण्याचा हात कोपरापर्यंत भाजला! डोकंच फिरलं आमचं. नवा पाइप मिळेपर्यंत संप!

तर साहेब चष्मा पुसत, अगदी साखर पेरत, "संपाचा हक्क तुमचाच हो, कोण नाही म्हणतंय? फक्त आता नवा नियम आलाय. अत्यावश्यक सेवा! पंधरा दिवस आधी नोटीस, आणि निम्मी माणसं कामावर. संप करा, पण काम थांबवू नका!"

थांबलो पंधरा दिवस. आता दोघांतला निम्मा म्हणजे कोण? मी! मेव्हणा फाटकाबाहेर हात गळ्यात अडकवून घोषणा देतोय, मी आत दोघांचं काम ओढतोय, घामानं निथळतोय, आणि खिडकीतून त्याच्या घोषणांना साथ देतोय! बरं, टाकून जावं, तर वर आजारी माणसं. त्यांनी का मळक्या चादरीवर पडायचं? तेही पटतं हो... तिथंच तर गोची आहे! घरी बायको पाठ फिरवून, "माझ्या भावाचा हात भाजला, आणि तुम्ही चादरी उकळताय?" अगं, नियम आहे! संप करा, पण काम थांबवू नका!

संपाच्या दहाव्या दिवशी साहेब पाहणीला खाली उतरले, आणि पाइप फुस्सकन त्यांच्या तोंडासमोर! चष्म्यावर धुकं, साहेब भिंत चाचपतायत, "अरे बापरे, हे तर भयंकर आहे!" म्हटलं, नोटिशीत दुसरं काय लिहिलं होतं? "मागवा नवा पाइप! आत्ताच्या आत्ता!"

जिंकलो की राव! मेव्हण्यानं एका हातानं मिठी मारली, बायको बोलायला लागली, आठवड्यात पाइप आला, नवाकोरा, चकचकीत. मिस्त्री म्हणाला, "बसवतो, पण एक दिवस वाफ बंद ठेवावी लागेल."

गेलो साहेबांकडे.

"बसवा ना, कोण नाही म्हणतंय? पण काम थांबवू नका!"

चार महिने झाले. पाइप भिंतीला टेकून उभा आहे. दणकट आहे हो, वादच नाही... आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो.