उणे सत्तर

डेल्फीन: नाही, रक्त द्यायला नाही आले मी. व्हर्नामावशी, आईचं काही इथे राहिलंय का, तेवढं सांग.

व्हर्ना: इथे? दवाखान्यात? नऊ वर्षं झाली तिला जाऊन.

डेल्फीन: शाल, चष्मा, काहीही. डायलिसिसला इथेच यायची ना ती.

व्हर्ना: मागे काही राहिलं की मेलेलं माणूस परत येतं, म्हणून तुझ्या आजीने सगळं जाळलं, डेल्फीन. गादीसकट. मी उभी होते तिथे.

डेल्फीन: मग ती का येते?

व्हर्ना: कोण?

डेल्फीन: आठ दिवस झाले. भर दुपारी येते, मावशी! मी घेवडा निवडत बसलेली असते, बाहेर सेहेचाळीस अंश ऊन, आणि ती दारात कुडकुडत उभी. म्हणते, "पांघरूण घाल गं."

व्हर्ना: उभी? तिचे पाय तर कापले होते...

डेल्फीन: दोन्ही पाय आहेत. आणि तरुण आहे, माझ्याहून लहान. आधी ओळखलंच नाही मी. केसही आखूड, कानापर्यंत. तसे मी कधी पाहिलेच नव्हते.

(व्हर्ना उठून दार लावून घेते.)

व्हर्ना: केस तुझ्या जन्माआधी एक वर्ष कापले होते तिने. बावीस वर्षांची होती. मधुमेहाच्या संशोधनासाठी डॉक्टर आपल्या जमातीच्या लोकांचं रक्त घेत होते. तिच्या दंडाला सुई मी टोचली.

डेल्फीन: त्याचं आता काय?

व्हर्ना: ते रक्त अजून आहे. मागच्या खोलीत, शीतपेटीत. उणे सत्तर अंशांवर.

डेल्फीन: आई गं!

व्हर्ना: दोन कुप्या होत्या. मागच्या सोमवारी एक बाहेर काढून तपासली. आज बरोबर आठ दिवस.

डेल्फीन: आम्ही तिची फणीसुद्धा ठेवली नाही. आणि तुम्ही रक्त ठेवलंत?

व्हर्ना: संमतीच्या कागदावर तिची सही आहे. मेल्यावर काय करायचं, हे कागदात नव्हतं. मीही विचारलं नाही. चूक माझी.

डेल्फीन: तपासून मिळालं काय? साखर खात होती, एवढंच ना? ते गावाला ठाऊक आहे. तेलात तळलेल्या फ्राय ब्रेडचा डबा मी तिच्या हातातून ओढून घ्यायचे. "मरशील," म्हणायचे. सगळ्यांसमोर.

व्हर्ना: रक्त घेतलं तेव्हा साखर नव्हती तिला. लिओनाही त्याच दिवशी आली होती. तुझी मावशी तुझ्या आईएवढीच जाड. ताटही सारखंच, दोघी एकाच घरात जेवायच्या.

डेल्फीन: लिओनामावशीला काहीच झालं नाही. अजून ट्रक चालवते.

व्हर्ना: तिने स्वतः मला सांगितलंय, तिचा निकाल तुला सांग म्हणून. हे बघ, अंगावरची चरबी नुसती पडून नसते. ती रक्तात संप्रेरकं सोडते. त्यातलं एक साखरेला आवर घालायला मदत करतं. लिओनाच्या रक्तात ते भरपूर निघालं. तुझ्या आईच्या रक्तात जेमतेम.

डेल्फीन: बाविसाव्या वर्षी?

व्हर्ना: हो. साखर वाढायच्या आठ वर्षं आधी. तेवढ्यावरूनच सगळं ठरत नाही, खाण्यापिण्याचंही असतं. पण तिचा धोका मुळातच जास्त होता. तेव्हा हे मोजत नव्हते. तिला कुणी सांगितलं नाही.

डेल्फीन: तिला वाटायचं, आपण हावरट आहोत. शेवटी शेवटी माझ्यादेखत जेवायचीच नाही. दार लावून खायची.

व्हर्ना: रडून घे.

डेल्फीन: दुसरी कुपी कुठेय?

व्हर्ना: पेटीतच. डॉक्टरांना अजून एक तपासणी करायची आहे. म्हणाले, घरच्यांना विचारा. हवी तर नेऊ देत, नको तर राहू देत.

डेल्फीन: तपासली तर कुणाला फायदा?

व्हर्ना: कदाचित तुझ्या मुलीला. कदाचित कुणालाच नाही.

डेल्फीन: मी नेते तिला. आजीच्या शेजारी तिची कबर आहे, तिथेच मातीत घालते. माझ्या मुलीसाठी माझं रक्त घ्या, हवं तेवढं. मी जिवंत आहे.

व्हर्ना: नक्की?

डेल्फीन: नक्की. तुम्ही दोन कुप्या ठेवता ना? माझ्याही ठेवा. पण मी गेल्यावर?

व्हर्ना: तेव्हा मी नसेन इथे. कागदावर खाली जागा आहे, आत्ताच लिहून ठेव.

डेल्फीन: काय लिहू?

व्हर्ना: लिही, मला घरी न्या.